खाजनाचं पुस्तक कुठल्या कपाटात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरं तर पत्र लिहायचा माझा विचार नव्हता, आमच्या घरी पत्रं लिहायचं खातं ह्यांच्याकडे, नळाला पाणी आलं नाही की लिहितात, वीज गेली की लिहितात, छापून आलं की कात्रण फाईलला लावतात. पण गेल्या शनिवारी वाचनालयात जे झालं ते ऐकून ते म्हणाले हे काही माझ्या खात्यात येत नाही, तूच लिही. तर लिहिते. लांबलं तर कापा, फक्त मधलं कापू नका, शेवटचं कापा.

झालं असं की नातू आठवीत आहे आणि शाळेने प्रोजेक्ट दिलंय, खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून करतात त्या भातशेतीवर. मोबाईलवरून चार ओळी उतरवून वर दोन फोटो चिकटवायचे असला प्रकार मी घरात चालू देत नाही, म्हटलं चल वाचनालयात. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत तिथली आणि मला परत तिथेच जायचंय. पावसाच्या आधी तिथे रंगकाम झालं, नवे लोखंडी रॅक आले, पंखे आले, सगळं झकास. आत गेलो तर पुस्तकं अशी उभी की जणू शाळेची असेंब्ली, बुटकी एका ओळीत, मधली एका ओळीत, उंच सगळ्यात खाली. म्हणजे शब्दशः उंचीप्रमाणे लावलेली! रंगाऱ्यांनी पुस्तकं खोक्यांत भरून ठेवली होती, रंग सुकल्यावर ज्याने कुणी परत लावली त्याने दिसायला बरी दिसावीत म्हणून सारख्या मापाची एकत्र लावली. मला हवं होतं ते पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं, जाडसर, चारेक वर्षांपूर्वी मीच घरी नेलं होतं. पाऊण तास शोधलं. निळी पुस्तकं बरीच मिळाली, एक मधुमेहाच्या आहाराचं, एक स्तोत्रांचं, एक कुणाच्या तरी युरोपच्या सहलीचं, तिन्ही शेजारी शेजारी कारण तिघांची उंची सारखी.

तिथल्या मदतनीस मुलाला विचारलं तर तो बिचारा हसून म्हणाला, टीचर, पळोवपाक बरें दिसता न्हय?

दिसतं बरं, ते खरंच. आणि मी त्याला काही बोलले नाही कारण उंचीप्रमाणे पुस्तकं लावणं हा काही त्याने लावलेला शोध नाही, पूर्वी मोठमोठ्या ग्रंथालयांत तसंच असायचं, जागा वाचते. आजही ज्या गोदामांत वाचक जातच नाही, फक्त कर्मचारी नंबर बघून पुस्तक काढून आणतो, तिथे मापाप्रमाणे ठेवतात आणि ते चुकीचं नाही. चुकीचं कधी होतं, तर वाचकाला आत सोडलं आणि तरीही मापाप्रमाणेच ठेवलं तेव्हा. मुक्तद्वार पद्धत म्हणजे वाचकाने स्वतः कपाटाशी जाऊन हात घालायचा, आणि हात घालायचा तर शेजारी त्याच विषयाचं दुसरं पुस्तक मिळायला हवं ना. मी तर म्हणेन जे पुस्तक शोधायला गेलो ते मिळणं ही निम्मी गंमत, त्याच्या शेजारचं जे माहीतच नव्हतं ते मिळणं ही खरी.

आता मी कोण एवढी बोलणारी. हायस्कूलला सायन्स शिकवायचे आणि अकरा वर्षं शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज माझ्या गळ्यात होता, डिप्लोमा वगैरे काही नाही, हेडमास्तर म्हणाले तुमचं अक्षर चांगलं आहे तर दाखल नोंदवही तुम्ही लिहा, झालं. पहिली दोन वर्षं मी पण दाखल नंबरप्रमाणेच लावत होते, एक दोन तीन चार, जे पुस्तक आधी आलं ते आधी. मग एका निवृत्त ग्रंथपालांनी मला त्यांच्या घरी बसवून ड्युईचे आकडे शिकवले आणि मला पहिल्यांदा कळलं की पुस्तकाच्या पाठीवरचा तो नंबर म्हणजे पत्ता नाही, ते आडनाव आहे.

हे जरा सांगते कारण माझ्या ओळखीतल्या भल्याभल्या वाचणाऱ्या लोकांना पण हे माहीत नसतं. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन माणसाने १८७६ साली, वय चोवीस, ४४ पानांची एक चोपडी छापली. (आपलं पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, म्हणजे ते त्या चोपडीहून ४४ वर्षांनी थोरलं, हा आकड्यांचा योगायोग मी वर्गात नेहमी सांगायचे.) त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी पुस्तकाचा नंबर म्हणजे कपाटाचा नंबर असायचा, तिसरं कपाट, दुसरा खण, डावीकडून पाचवं. कपाट भरलं की संपलं, त्याच विषयाचं नवं पुस्तक आलं की ते जाणार पार दुसऱ्या टोकाला, आणि कपाट हलवलं तर सगळे नंबर परत लिहा. ड्युईने नंबर कपाटाला न देता विषयाला दिला. सगळ्या ज्ञानाचे दहा वाटे केले, तत्त्वज्ञान १००, धर्म २००, समाज ३००, भाषा ४००, विज्ञान ५००, तंत्र आणि शेती आणि स्वयंपाक आणि औषधं ६००, कला ७००, साहित्य ८००, इतिहास भूगोल ९००, आणि कशातच बसत नाही ते सुरुवातीच्या शून्याच्या घरात, जिथे आता कंप्युटर बसलाय. प्रत्येकाचे परत दहा, त्यांचे परत दहा, आणि मग टिंब देऊन पुढे हवं तेवढं. म्हणजे रॅक इकडून तिकडे न्या, रंग मारा, खोली बदला, आडनावं तीच राहतात आणि कुटुंबं परत जुळतात. आमच्या वाचनालयात नेमकं हेच झालं नाही, पाठीवर लेबलं आहेत, पांढरी, टाईप केलेली, कुणीतरी मेहनत केलीय त्यांच्यावर, आणि लावणाऱ्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. अर्थात सगळ्यांवर नाहीत, गोव्यातल्या पावसाळ्यात गोंद टिकत नाही, जुलैत लेबल सुटतं आणि ऑगस्टात त्या जागी बुरशी येते, ते मला माहीत आहे.

नंबर बघून लावायचं म्हटलं तरी एक खोच असते. मी त्या मुलाला घेऊन शेतीची पुस्तकं हुडकून एका खणात लावायला बसले, म्हणजे निदान तेवढं तरी. त्याने माडाचं पुस्तक आधी ठेवलं, काजूचं नंतर. नारळ ६३४.६१, काजू ६३४.५७३. तो म्हणाला, टीचर, एकसष्ट लहान, पाचशे त्र्याहत्तर मोठे. बाजाराच्या हिशेबाने बरोबर आहे, पण हे दशांश आहेत, टिंबाच्या पुढे पहिला आकडा बघायचा, पाच आधी, सहा नंतर, मग पुढचे कितीही शेपूट असो. काजू आधी, नारळ नंतर. अकरा वर्षांत माझ्या शाळेत ही चूक मी शेकडो वेळा बघितलीय, आठवीची मुलं जी परीक्षेत दशांश अपूर्णांकांचा चढता क्रम बरोबर लावतात तीच लायब्ररीत चुकतात, कारण तिथे त्यांना ते गणित वाटत नाही. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, चोरीला गेलेल्याची निदान नोंद तरी होते.

आणि काजू नारळ दोन्हीवर मिळून एक पुस्तक असलं तर? त्याला पण नियम आहे. दोन्हीबद्दल सारखंच लिहिलेलं असेल तर ज्याचा आकडा आधी येतो तिथे, म्हणजे काजूपाशी. एकाबद्दल जास्त असेल तर जास्त असलेल्यापाशी. त्यात आंबा पण आला, म्हणजे तीन झाले, तर वरच्या सामाईक घरात, ६३४, फळबाग. मला हे नियम फार आवडायचे, गावच्या देवळातल्या मानपानासारखे आहेत, कुणाचा मान आधी ते लिहून ठेवलेलं, भांडण नको.

पण आता खाजनाकडे या. ड्युईच्या पद्धतीचं एक दुखणं आहे आणि ते खाजनासारखा विषय निघाला की लगेच वर येतं. ड्युई वस्तूप्रमाणे वाटे करत नाही, शास्त्राप्रमाणे करतो. आपली मासळीच घ्या. मासा हा जीव म्हणून ५९७, प्राणिशास्त्रात. रापण, ट्रॉलर, जाळी, हा धंदा म्हणून ६३९.२. ताटात आला की ६४१ मध्ये स्वयंपाकात. गळ टाकून बांधावर बसायचा शौक असेल तर ७९९.१, खेळांच्या पुढे. एकाच बांगड्याची चार बिऱ्हाडं आणि मधे आख्खी लायब्ररी! वाचक मात्र डोक्यात 'मासळी' एवढाच एक शब्द घेऊन येतो.

खाजन त्याहून अवघड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे गोव्याबाहेरून पेपर वाचणाऱ्यांसाठी, खाजन म्हणजे खाडीच्या काठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन, जी आपल्या पूर्वजांनी बांध घालून मिळवली आणि तिथे भात केलं. बांधाला मानस असते, लाकडी दारं, भरतीचं खारं पाणी आत ढकलायला लागलं की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाताना आपोआप उघडतात, त्याच तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात आणि त्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो. जमीन एकट्या कुणाची नाही, गांवकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद नाव पडलं. आता सांगा ह्याचं पुस्तक कुठे ठेवाल? मिठाला दाद न देणारं कोरगुट भात बघाल तर ६३३.१८, भातशेती. पाण्याचा निचरा बघाल तर ६३१.६. बांध आणि मानस बघाल तर ६२७.५, तो स्थापत्यवाल्यांचा भाग. कोळंबी-मासे पाळणं बघाल तर ६३९.८. गांवकरीची सामाईक मालकी बघाल तर थेट ३३३.२, अर्थशास्त्रात. आणि ह्या सगळ्याचा इतिहास म्हणाल तर ९५४, भारत, आणि जुन्या एखाद्या पोर्तुगीज मनाच्या ग्रंथपालाच्या हातात सापडलं तर ९४६.९, पोर्तुगाल! आमच्या आजोबांना ह्यातलं काही वेगळं वाटलं नसतं, त्यांच्यासाठी ते सगळं मिळून एक शेत होतं.

इथे आपले रंगनाथन आठवतात. बारा ऑगस्टला आपण त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो, पण त्या माणसाने नक्की केलं काय हे भाषणात कुणी सांगत नाही. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ बघितला, तेच पट्ट्या नटबोल्ट, त्यातून कधी गाडी होते कधी क्रेन. त्यांच्या डोक्यात आलं की विषयाला तयार खोका कशाला हवा, विषयाचे सुटे भाग ठेवा आणि पुस्तक समोर आलं की जोडा. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू पद्धत आली, म्हणजे कोलन, मधे ती दोन टिंबं देऊन भाग जोडायचे म्हणून ते नाव. प्रत्येक विषयाला पाच प्रश्न विचारायचे असं मी माझ्या भाषेत समजून घेतलं, मुख्य वस्तू कोणती, ती कशाची, तिच्यावर काय क्रिया चाललीय, कुठे, कधी. खाजनाला लावून बघा, वस्तू भात, द्रव्य खारी माती, क्रिया बांध घालून जमीन सोडवणं, जागा गोवा, काळ पोर्तुगीजांच्याही आधीपासून. पाचही उत्तरं एकाच नंबरात बसतात आणि काही बाहेर राहत नाही. मला तर हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली होती.

मग सगळ्यांनी ती पद्धत का नाही घेतली? कारण तो नंबर वाचता येत नाही हो. अक्षरं, आकडे, टिंबं, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, पुस्तकाची पाठ बोटभर आणि नंबर वीतभर. परत ड्युईचा नंबर पुष्कळदा पुस्तकाबरोबर आयता छापून येतो, कोलनचा ज्याचा त्याला बनवावा लागतो. रंगनाथनांचा देश ड्युईवर चालतो ह्यात मला थोडं वाईट वाटतं पण आश्चर्य काही वाटत नाही. आणि आपल्या लोकांनी स्वतःची पद्धत बनवणं हे काही तेवढ्यावरच थांबलेलं नाही, बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयं उभी केली तेव्हा तिथेही वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली होती. म्हणजे आहे ते उचलून चिकटवायचं नाही, आपल्या वाचकाला बघून थोडं वाकवायचं, ही आपल्याकडे जुनीच रीत.

वाकवायची गरज गोव्यात तर फारच. दोन उदाहरणं देते मग मुद्द्यावर येते.

पहिलं भाषेचं, आणि ह्यावरून कृपा करून कुणी मला फोन करून भांडू नये, मी फक्त आकडे सांगतेय. ड्युईत मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६. त्याला पुढे १ लावलं की कविता, २ नाटक, ३ कादंबरी कथा, ४ निबंध, ५ भाषणं, ६ पत्रं, ७ विनोद, ८ इतर. नऊ उरला. त्या नऊवर कोंकणी बसवलीय, ८९१.४६९! भाषेचं पण तसंच, मराठी ४९१.४६ आणि कोंकणी ४९१.४६९. म्हणजे कोंकणी वेगळी भाषा की मराठीचीच बोली, ह्या ज्या प्रश्नावर आपल्याकडे मोर्चे निघाले, भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तो अमेरिकेतल्या कुणीतरी रिकाम्या राहिलेल्या एका आकड्यावर मिटवून टाकला. (गंमत म्हणजे पोर्तुगीज भाषेचा नंबर ४६९. शेपटी सारखीच. ह्यात अर्थ काही नाही, पण एकदा दिसलं की डोक्यातून जात नाही.) आणि रॅकवर त्याचं होतं काय बघा. बाकीबाब बोरकर, बोरीचे, दोन्ही भाषांत लिहिणारे. त्यांच्या मराठी कविता ८९१.४६१ ला, कोंकणी कविता ८९१.४६९१ ला, आणि मधे सगळी मराठी नाटकं, सगळ्या मराठी कादंबऱ्या, सगळे निबंध, सगळा विनोद. मोठ्या वाचनालयात ही चार पाच रॅकची वाट होते. ज्याला बाकीबाब वाचायचेत त्याने इथून उठून तिथे जायचं, आणि पहिल्या ठिकाणी एखादी पाटी नसेल तर त्याला कळणारच नाही की पुढे अजून आहे.

दुसरं धर्माचं. २०० च्या घरात २२० पासून २८० पर्यंत सगळं ख्रिस्ती धर्माला दिलंय आणि बाकीच्या जगाला २९० ची एक पट्टी, त्यात २९४.५ हिंदू, २९७ इस्लाम. ह्यावर जगभर टीका झालीय आणि ती बरोबरच आहे. पण आपल्याकडे तिढा वेगळाच. स्टीफन्स पाद्रींचं ख्रिस्तपुराण, १६१६ साली रायतूरला छापलेलं, दहा हजारांच्या वर ओव्या, बायबलातली कथा आणि चाल ज्ञानदेवांची. ते ख्रिस्ती धर्मात ठेवाल की ८९१.४६१ ला मराठी कवितेत? धर्मात ठेवलं तर मराठी काव्य वाचणारा तिकडे फिरकणार नाही, कवितेत ठेवलं तर चर्चवरून सरळ वाचनालयात आलेल्याला मिळणार नाही. ज्ञानेश्वरीचं पण तेच, गीतेचा नंबर २९४.५९२४, तिच्यावरची टीका म्हणून तिथे, की कविता म्हणून इकडे? मी शाळेत ज्ञानेश्वरी कवितेत ठेवली होती, संस्कृतचे सर सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत.

कोण बरोबर? दोघंही, आणि मुद्दा तोच आहे. पुस्तक एक वस्तू आहे, ती एका वेळी एकाच जागी राहू शकते, त्यामुळे ती जागा ठरवणं हा कुणाचा तरी निर्णय असतो आणि तो थोडा चुकणारच. पण पुस्तकाची नोंद दहा जागी राहू शकते, नोंदीला जागा लागत नाही. ड्युईला हे माहीत होतं, त्याच्या त्या पहिल्या ४४ पानांत पण शेवटी अनुक्रमणिका होती, शब्द दिला की तो शब्द कुठल्या कुठल्या शास्त्रात विखुरलाय ते सगळे आकडे एका ठिकाणी दाखवणारी. जुन्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये 'पहा' आणि 'हेही पहा' अशी कार्डं असायची. मी स्वतः लिहिलीयत. 'मासळी, पहा ५९७, ६३९.२, ६४१'. मुलं ती कार्डं खेळासारखी वाचायची, एकावरून दुसऱ्यावर.

आमच्या वाचनालयात ड्रॉवर भंगारात गेला आणि कंप्युटर आला. चांगलं झालं, मी कंप्युटरच्या विरुद्ध नाही, नातवाने मला शिकवलंय सगळं. त्याने तिथे बसून सर्चमध्ये देवनागरीत 'खाजन' टाकलं. शून्य. रोमनमध्ये झेड घालून टाकलं, दोन पुस्तकं आली, दोन्ही इंग्रजी. जे घालून टाकलं, तिसरंच एक आलं. आणि ते निळं मराठी पुस्तक? ते नावावरून सापडलं, विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, संकीर्ण.

संकीर्ण! ह्या शब्दावर माझा जुना राग आहे. आपल्या कितीतरी मराठी वाचनालयांत वर्गवारी म्हणजे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास, धार्मिक, बाल, आणि संकीर्ण. कादंबरीची दोन कपाटं आणि संकीर्णची तीन. म्हणजे गोष्ट सोडून जगातलं बाकी जे काही आहे, खाण, काजू, मधुमेह, भूकंप, कायदा, दशावतारी काला, मुंग्या, ते सगळं संकीर्ण. ज्योतिष आणि खगोल तर मी कायम एकाच खणात बघत आलेय, राहुकाळाला चिकटून दुर्बीण, ड्युईत त्यांच्यामधे १३३ पासून ५२० पर्यंतचं अंतर आहे आणि ते असायलाच हवं. गोष्टीची पुस्तकं जास्त वाचली जातात हे मान्य, पण माहितीची पुस्तकं वाचली जात नाहीत म्हणून संकीर्णमध्ये टाकतो, की संकीर्णमध्ये टाकतो म्हणून वाचली जात नाहीत, हे कुणी एकदा तपासून बघावं.

तर मागणी. मोठी नाही, ह्यासाठी अनुदान पण लागणार नाही.

सगळ्यात आधी उंचीप्रमाणे लावलेलं काढा आणि पाठीवरच्या नंबरप्रमाणे लावा, दशांश सांभाळून, लेबल गेलंय तिथे दाखल नोंदवहीतून काढून नवं चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप मारा, पावसात तेवढं टिकतं. रॅकच्या टोकाला नुसते ६३०, ३३० असे आकडे लावू नका, आकड्याखाली देवनागरीत मोठ्या अक्षरात शब्द लिहा, शेती, जमीन आणि मालकी, मासे. लोकांना आकडा वाचता येतो, त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

आणि खरं काम ते पुढचं, आपल्या शब्दांची एक यादी करा. खाजन, मानस, कोमुनिदाद, खाण, कुळागर, रापण, जात्रा, धालो, तियात्र, काजू, फेणी, शंभर शब्द धरा सुरुवातीला. प्रत्येकापुढे कुठल्या कुठल्या नंबरला बघायचं ते. ती यादी दारात पुठ्ठ्यावर लावा आणि तेच शब्द कंप्युटरच्या विषयाच्या रकान्यात घाला, देवनागरीत आणि रोमनमध्ये पण, झेडने पण आणि जेने पण. हे शब्द अमेरिकेत बसून कुणी आपल्यासाठी घालणार नाही. ख्रिस्तपुराण कवितेत ठेवायचं ठरलं तर धर्माच्या खणात त्याच्या मापाचा एक लाकडी ठोकळा ठेवा, त्यावर चिठ्ठी, मी तिकडे आहे. आम्ही शाळेत ठेवायचो, सुताराकडचे उरलेले तुकडे फुकट मिळतात.

वेगळं 'गोवा' कपाट करावं का असंही मला एकाने विचारलं. बऱ्याच ठिकाणी करतात, पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं. मला ते पूर्ण पटत नाही. गोव्याचं सगळं एका काचेच्या कपाटात गेलं की शेतीच्या रॅकवर खाजन राहत नाही, तिथे फक्त पंजाबचा गहू राहतो, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. संदर्भासाठी दुर्मिळ तेवढं कपाटात ठेवा, बाकीचं त्याच्या त्याच्या भावकीत राहू दे.

हे सगळं करायला माणूस नाही असं मला सांगण्यात आलं. खरं असेल. पण मी आहे, माझ्यासारख्या निवृत्त अजून दोघी आहेत, एक बॉटनीवाली, तिला ६३० च्या घरातलं सगळं पाठ आहे. आम्ही दर शनिवारी तीन ते सहा यायला तयार आहोत, पुठ्ठे आणि स्केचपेन घेऊन. फक्त वरच्या खणांसाठी एक शिडी लागेल आणि तो मुलगा शिडीवर चढायला लागेल, आमची गुडघेदुखी आहे. त्याला सांगितलंय मी, काजू आधी, नारळ नंतर, आता तो विसरणार नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा तालुका

ता. क. निळं पुस्तक मिळालं. सोमवारी त्या मुलानेच फोन केला. आकाराने किंचित मोठं निघालं म्हणून ते ॲटलासांच्या ओळीत गेलं होतं, सगळ्यात खाली, भिंतीच्या बाजूला. प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचंय.